नवे प्रतिजैविक कोणी शोधावयाचे?

प्रतिजैविक औषधे निकामी होत चालली आहेत, या वृत्ताचे आता कोणाला आश्चर्य वाटत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली. हे मृत्यू काही अरण्यात झालेले नाहीत. ते रुग्णालयांत, औषधांच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर झाले आहेत.

नागपूरची धंतोली ही आज रुग्णालयांची वस्ती झाली आहे. विदर्भाच्या कानाकोपऱ्यांतून आणि शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडमधून रुग्ण येथे आणले जातात. ‘जंतुसंसर्ग झाला आहे, साधी औषधे लागू पडत नाहीत, आता वरच्या पायरीचे इंजेक्शन द्यावे लागेल,’ हे वाक्य येथे नातेवाइकांच्या कानी नित्य पडते. त्या पायरीसाठी शेतकरी जमीन गहाण टाकतो, मजूर सावकाराचे घर गाठतो. परंतु पैसा उभा केला तरी वरची पायरी अस्तित्वात असली पाहिजे. ती शिडीच संपत आली आहे, हा आजचा प्रश्न आहे.

शिडी का संपली, याची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले असे की, लोक बेशिस्तपणे गोळ्या खातात. दुसरे असे की, जिवाणू हुशार आहेत आणि विज्ञान कठीण आहे. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु तेवढ्यावर थांबणे हे मूळ प्रश्नाला बगल देणे होय. नवे औषध शोधण्याचे काम कोणाकडे सोपविले आहे आणि ते कोणत्या हेतूने चालते, हा तो मूळ प्रश्न आहे. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला या प्रश्नाकडे पाठ फिरविता येणार नाही.

प्रथम विज्ञानाचा भाग पाहू. कारण तो समजल्याखेरीज अर्थकारण समजत नाही. प्रत्येक जिवाणू हा एक लहानसा कारखाना आहे. त्यात जी रासायनिक कामे चालतात ती पार पाडणाऱ्या प्रथिनांना एन्झाइम किंवा मराठीत विकर म्हणतात. काही विकरे बंद पडली तरी जिवाणूचे भागते. काही मात्र अशी असतात की त्यांचे काम थांबले की जिवाणू मरतो किंवा त्याची वाढ खुंटते. असे जीवनावश्यक विकर शोधावे, ते मनुष्याच्या शरीरात नाही किंवा पुष्कळ वेगळे आहे याची खात्री करावी आणि त्यालाच नेमके जखडून टाकणारा पदार्थ शोधावा, हा नवी प्रतिजैविके मिळविण्याचा सर्वांत तर्कशुद्ध मार्ग समजला जातो.

आपल्या परिचयाची अनेक औषधे याच तत्त्वावर चालतात. सल्फा औषधे घ्या. जिवाणूला फॉलिक आम्ल स्वतः तयार करावे लागते. मनुष्याला ते पालेभाज्या-डाळींतून मिळते. सल्फा औषध जिवाणूचे ते आम्ल बनविणारे एक विकर अडविते. आपल्याकडे ते विकर नसल्याने आपल्याला त्याची झळ लागत नाही. ट्रायमेथोप्रिम हे औषध त्याच साखळीतील पुढचे विकर अडविते. ही दोन्ही एकत्र केली की को-ट्रायमॉक्साझोल होते. सरकारी दवाखान्यातून ही गोळी घेतली नाही असे घर सापडणे कठीण. पेनिसिलिन हे जिवाणूच्या पेशीभित्तिकेचे धागे गुंफणाऱ्या विकराला चिकटून बसते. भिंत कच्ची राहते आणि पेशी फुटते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे डीएनए गायरेज नावाच्या विकराला पकडते.

यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ही सर्व औषधे आधी सापडली आणि ती कोणत्या विकरावर चालतात हे नंतर कळले. पेनिसिलिन १९२८ साली दिसले. ते नेमके काय करते याचा उलगडा १९६५ च्या सुमारास झाला. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे पूर्वज असलेले नॅलिडिक्सिक आम्ल १९६२ साली पुढे आले. गायरेजचा शोध लागला १९७६ साली. म्हणजे आधी किल्ली हाती आली आणि कुलूप मागाहून ओळखले गेले.

१९९५ साली हा क्रम उलटविण्याची संधी आली. त्या वर्षी हिमोफिलस इन्फ्लुएंझा या जिवाणूची संपूर्ण जनुकसंहिता वाचली गेली. आता सर्व कुलपांची यादीच हाती येणार, मग कुलूप पाहून किल्ली घडवू, असा विश्वास औषध कंपन्यांत पसरला. ज्या कंपनीला पुढे ग्लॅक्सोस्मिथक्लाइन हे नाव मिळाले तिने १९९५ ते २००१ या सात वर्षांत तीनशेहून अधिक जनुके तपासली, त्यांतील जीवनावश्यक ठरलेली निवडली आणि अफाट रासायनिक संग्रह चाळण्याच्या सत्तर मोहिमा चालविल्या. त्यांतील सदुसष्ट एकेका विकरासारख्या लक्ष्यावर रोखलेल्या होत्या. सत्तरांपैकी सोळा मोहिमांतून काही धागा हाती लागला आणि पुढे नेण्याजोगे पदार्थ मिळाले ते केवळ पाच.

अपयश कशामुळे आले? विकर अडविणारा पदार्थ परीक्षानळीत सापडे. परंतु जिवाणूच्या आत पोहोचत नसे. ज्यांना ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात त्या जिवाणूंना दुहेरी आवरण असते, आणि आत शिरलेला परका पदार्थ उपसून बाहेर फेकणारे पंपही असतात. दुसरी अडचण अशी की, एकाच विकरावर मदार ठेवली की त्या विकरात एखादा लहानसा बदल करून जिवाणू सुटतो. ग्लॅक्सोनेच पुढे नेलेले, प्रथिननिर्मितीतील एका आवश्यक विकराला अडविणारे एक औषध रुग्णांवरील चाचणीपर्यंत पोहोचले होते. परंतु काही रुग्णांत उपचार सुरू होताच त्याला न जुमानणारे जिवाणू निपजले आणि चाचणी थांबवावी लागली. को-ट्रायमॉक्साझोल एकाच साखळीत दोन ठिकाणी कोंडी का करते, क्षयरोगावर एकावेळी तीन-चार औषधे का देतात, याचे कारण येथे स्पष्ट होते.

हे अपयश लाजिरवाणे नव्हे. विज्ञान अशाच वाटांनी पुढे जाते, आणि आपला अनुभव ग्लॅक्सोच्या शास्त्रज्ञांनी पुढे प्रसिद्ध केला याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु तो प्रसिद्ध झाला २००७ साली. दरम्यान अॅस्ट्राझेनेका या दुसऱ्या बलाढ्य कंपनीने २००१ ते २०१० या काळात नेमक्या त्याच पद्धतीच्या पासष्ट मोहिमा चालविल्या आणि जवळजवळ त्याच भिंतीवर डोके आपटून घेतले. तिचा वृत्तान्त बाहेर आला २०१५ साली. एका कंपनीने जी वाट बंद असल्याचा अनुभव घेतला, त्याच वाटेने दुसरी कंपनी त्याच वर्षी निघाली. कारण पहिलीचे ज्ञान पहिलीच्या कपाटात होते. भांडवलशाही स्पर्धेमुळे कार्यक्षमता येते असे आपल्याला सतत ऐकविले जाते. दोन दशके, शेकडो शास्त्रज्ञांचे श्रम आणि अमाप पैसा एकाच खड्ड्यात दोनदा ओतणे, यास कार्यक्षमता म्हणावयाचे काय?

आता मूळ आर्थिक विसंगतीकडे येऊ. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील भेद या पृष्ठाच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. साबण, कापड, सायकल या वस्तू कितीही विकल्या गेल्या तरी पुढच्या ग्राहकासाठी त्यांची उपयुक्तता कमी होत नाही. प्रतिजैविकाचे तसे नाही. त्याची प्रत्येक विक्री, विशेषतः अनावश्यक विक्री, प्रतिकारक जिवाणूंना वाढण्यास वाव देते आणि उद्याच्या रुग्णासाठी त्या औषधाची उपयुक्तता घटविते. म्हणजे ज्या क्रियेने विनिमयमूल्य पदरात पडते, तीच क्रिया उपयोगमूल्य झिजविते. समाजाचे हित असे की, नवे औषध कपाटात राखून ठेवावे आणि अन्य उपाय हरल्यावरच काढावे. कंपनीचे हित असे की, ते जास्तीत जास्त खपावे. या दोन हितांत तडजोड घडवून आणण्याचे कोणतेही साधन बाजाराजवळ नाही.

त्यात भर अशी की, प्रतिजैविकाचा उपचार पाच-सात दिवसांत संपतो, तर मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी रुग्ण जन्मभर घेतो. नफ्याचे गणित मांडणाऱ्याने कोणते संशोधन निवडावे हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. अॅस्ट्राझेनेकाने बंगळूरचे आपले संशोधन केंद्र २०१४ साली बंद करण्याचे ठरविले. तेथे क्षयरोगावर काम चालू होते. क्षयजंतूची भिंत रचणारे डीपीआरई-१ नावाचे आवश्यक विकर अडविणारा एक उमेदवार पदार्थ तेथेच आकाराला आला होता. तो पुढे नेण्याचे काम ना-नफा संस्थांना करावे लागले. २०१८ साली नोव्हार्टिसनेही प्रतिजैविकांच्या संशोधनातून अंग काढून घेतले. अमेरिकेतील अकाओजेन या छोट्या कंपनीची कथा तर अधिक बोलकी आहे. तिच्या प्लाझोमायसिन या नव्या औषधाला जून २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. औषध अयशस्वी झाले नव्हते. ते वैद्यकीय विवेकाप्रमाणे राखून वापरले जाणार होते, आणि जे राखून वापरावयाचे त्याच्या विक्रीवर कंपनी जगत नाही.

महाराष्ट्राला या इतिहासात स्वतःचे स्थान आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. औषधनिर्मितीतील हा देशाचा पहिला सार्वजनिक उद्योग. तो केवळ कारखाना नव्हता. तेथील प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. स्वातंत्र्यानंतर अवघ्या चौदा वर्षांत आपल्या मातीतून, आपल्या शास्त्रज्ञांनी, सरकारी पगारावर काम करीत नवे औषध शोधले, ही गोष्ट आजच्या पिढीला सांगितली जात नाही.

त्यास पूरक असे कायदेही झाले. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाही, फक्त ते बनविण्याच्या पद्धतीवर, आणि तीही थोड्या वर्षांसाठी, असे त्याने ठरविले. १९७५ साली हाथी समितीने औषधउद्योगात सार्वजनिक क्षेत्राने अग्रभागी असावे असे सुचविले. या दोहोंच्या आधाराने औषधे स्वस्त करण्यात भारताने जगात नाव मिळविले.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. परदेशी, मुख्यतः चिनी, स्वस्त मालाला दारे उघडली आणि पेनिसिलिन-जी या मूळ पदार्थाचे देशी उत्पादन थंडावले. पिंपरीचा कारखाना १९९७ साली आजारी उद्योग म्हणून घोषित झाला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकून देणी भागवावीत आणि मग कंपनीच विक्रीस काढावी असा निर्णय घेतला. आणि अवघ्या चार वर्षांनी, २०२० साली, करोनाच्या साथीत कच्च्या मालाच्या टंचाईचे संकट डोळ्यांपुढे उभे राहिल्यावर, पेनिसिलिन-जी देशात तयार व्हावे म्हणून त्याच केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना उत्पादनाशी निगडित अनुदान देऊ केले. जी क्षमता सरकारच्या स्वतःच्या हातात होती ती कुजू द्यावयाची आणि तीच पुन्हा उभारण्यासाठी जनतेचा पैसा खासगी तिजोरीत घालावयाचा, असे हे धोरण आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. सार्वजनिक क्षेत्र आपल्याच दोषांनी बुडाले, असे म्हटले जाते. त्यात काहीच तथ्य नाही असे म्हणणे कार्यकर्त्यांची दिशाभूल करणे ठरेल. जुनी यंत्रे वेळेवर बदलली गेली नाहीत, नोकरशाहीने संशोधकांचे हात बांधले, नव्या औषधांकडे दुर्लक्ष झाले. आपल्या कामगार चळवळीनेही वेतनाच्या प्रश्नाइतके लक्ष प्रयोगशाळेच्या प्रश्नाकडे दिले नाही. परंतु रोगी अशक्त झाला म्हणून त्याची जमीन विकावी, हा उपचार कोणत्या वैद्यकात बसतो?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खासगी कंपनीनेही महाराष्ट्रात नवे प्रतिजैविक आणले आहे की, असे विचारले जाईल. होय, आणले आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. वोक्हार्ट या कंपनीच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, चिकलठाणा येथील संशोधन केंद्राने लेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन हे औषध विकसित केले. जपानमधील ओत्सुका कंपनीच्या नॅडिफ्लॉक्सॅसिन या जुन्या रेणूचा उपयुक्त अर्धा भाग वेगळा काढून आणि त्यास योग्य क्षाररूप देऊन ते घडविले आहे. ते डीएनए गायरेज या जीवनावश्यक विकरालाच पकडते आणि मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवरही चालते. जानेवारी २०२० मध्ये त्यास भारतात परवानगी मिळाली. त्याच कंपनीच्या नॅफिथ्रोमायसिन या फुप्फुसदाहावरील औषधाची घोषणा नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते झाली. तीन दिवस, दिवसातून एकदा घ्यावयाचे हे औषध आहे. मराठवाड्यातील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचा हा पराक्रम आहे. त्यांच्या मालकाचे नाव काय, यावरून त्यांच्या श्रमाचे मोल ठरत नाही.

परंतु या उदाहरणातून काय निष्पन्न होते? बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपन्यांनी जे क्षेत्र टाकून दिले तेथे एक भारतीय कंपनी दीर्घकाळ टिकून राहिली, हा नियम नसून अपवाद आहे. त्या अपवादालाही जनतेच्या पैशाचा हात लागला आहे: नॅफिथ्रोमायसिनच्या रुग्णचाचणीस केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बायरॅक’ या संस्थेने साहाय्य दिले. साहाय्य दिले यात गैर नाही. मात्र, त्या साहाय्याच्या बदल्यात जनतेने किमतीवर, पुरवठ्यावर आणि संशोधनाच्या माहितीवर कोणता हक्क मिळविला, हे विचारण्याचा अधिकार करदात्यांना आहे. तीन दिवसांत बरे करणारे औषध समाजासाठी उत्तम. परंतु सात दिवसांच्या औषधापेक्षा त्याच्या गोळ्या कमी खपतात. मग खर्च भरून काढण्यासाठी एक तर किंमत चढवावी लागेल, नाहीतर खप फुगवावा लागेल. किमतीच्या मार्गाने गरीब वंचित राहतो. खपाच्या मार्गाने औषध निकामी होते.

किंमत आणि पेटंट यांचा प्रश्न किती जीवघेणा असतो हे क्षयरोगाने दाखविले आहे. बेडाक्विलिन हे औषध क्षयजंतूला ऊर्जा पुरविणाऱ्या एटीपी सिंथेज या विकराला अडविते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात जुनी इंजेक्शने महिनोन् महिने घ्यावी लागत आणि त्यांमुळे अनेकांची श्रवणशक्ती जाई. त्यांतून सुटका करणारे हे औषध. २०१२ साली अमेरिकेत त्यास परवानगी मिळाली. त्याच्या विकासात जगभरच्या सरकारांचा व धर्मादाय संस्थांचा वाटा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाहून मोठा होता, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. तरीही मालकी राहिली ती जॉन्सन अँड जॉन्सनची. मूळ पेटंट संपत आल्यावर औषधाच्या एका क्षाररूपावर नवे पेटंट मागून कंपनीने मक्तेदारी लांबविण्याचा प्रयत्न केला. त्यास २०१९ साली हरकत घेतली ती मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोन तरुणींनी. दोघीही क्षयरोगातून वाचलेल्या. दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या औषधांनी हिरावलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैमध्ये मूळ पेटंट संपले, अन्य उत्पादकांना वाट मिळाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खरेदीतील किंमत सुमारे निम्म्याने उतरली. २००५ साली पेटंट कायदा बदलताना डाव्या पक्षांनी आग्रह धरून ज्या जनहिताच्या तरतुदी राखून घेतल्या, त्यांचे मोल अशा वेळी कळते.

मग दुसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो कोणा स्वप्नाळू माणसाच्या कल्पनेतील नाही. ब्रिटनने २०२२ पासून दोन राखीव प्रतिजैविकांसाठी कुपीमागे पैसे देणे सोडून वर्षाकाठी ठरावीक रक्कम, प्रत्येकी एक कोटी पौंडांपर्यंत, देण्याचा करार केला. औषध किती वापरले याच्याशी त्या रकमेचा संबंध नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे घडावे, ही बाजार येथे अपुरा पडतो याची कबुलीच आहे. मात्र तेथे मालकी कंपनीकडेच राहिली. याहून पुढचे पाऊल ‘गार्डपी’ या ना-नफा संस्थेने टाकले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि दुर्लक्षित रोगांवर काम करणारी डीएनडीआय ही संस्था यांनी २०१६ साली ती स्थापन केली. परमा या रोगावरील झोलिफ्लोडॅसिन या नव्या औषधाची, तेही गायरेजलाच पकडते, अंतिम टप्प्यातील चाचणी तिने पाच देशांतील ९३० रुग्णांवर घेतली आणि २०२३ साली यशस्वी निष्कर्ष जाहीर केले. चाचणीचा भार उचलण्याच्या बदल्यात जगातील बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ते पुरविण्याचे हक्क तिने आपल्याकडे ठेवले. आपल्याकडेही २००८ साली सीएसआयआरने क्षयरोगाच्या औषधांसाठी खुल्या संशोधनाचा प्रकल्प मांडला होता आणि पुष्कळ तरुण त्यात ओढले गेले. तो औषधापर्यंत पोहोचला नाही. परंतु ज्ञान कुलूपबंद ठेवावयाचे नाही ही त्यामागील दृष्टी योग्यच होती.

या विवेचनातून काही मागण्या सरळ निघतात, आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्या लोकांपुढे नेल्या पाहिजेत.

पहिली अशी की, पिंपरीची जमीन विकण्याची भाषा सोडून हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला प्रतिजैविकांच्या संशोधनाचे व राखीव उत्पादनाचे राष्ट्रीय केंद्र करावे. देशातील विद्यापीठे आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा जीवनावश्यक विकरांवर जे काम करतात ते बहुधा शोधनिबंधापाशी थांबते. तेथून रुग्णापर्यंतचा मार्ग बांधणारी संस्था आज नाही. ती पिंपरी होऊ शकते.

दुसरी, खासगी कंपनीस संशोधनासाठी सार्वजनिक पैसा द्यावयाचा असेल तर किंमत, पुरवठा आणि गरज पडल्यास अन्य उत्पादकांस परवाना, या अटी करारात लिहून घ्याव्यात व तो करार जनतेस पाहू द्यावा.

तिसरी, सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक शोधाचे निष्कर्ष, विशेषतः फसलेल्या शोधांचे, ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करावेत. एकाने ठेच खाल्ली तर दुसऱ्याने शहाणे व्हावयास ती ठेच कळली तर पाहिजे.

चौथी, राखीव प्रतिजैविके सरकारने वार्षिक कराराने घ्यावीत आणि नागपूरच्या मेडिकल, मेयोसारख्या सरकारी रुग्णालयांत ती जंतुतपासणीच्या आधारे विनामूल्य द्यावीत. खाटेवरच्या माणसाची ऐपत पाहून जिवाणू थांबत नाही, आणि एका गरिबाच्या अर्धवट उपचारातून निपजलेला प्रतिकारक जंतू श्रीमंताच्या खाटेपर्यंतही पोहोचतो.

यासोबत एक सूचना आपल्या स्वतःच्या कार्यकर्त्यांसाठी. औषध स्वस्त मिळाले पाहिजे ही आपली मागणी आहे. ते वाटेल तसे मिळाले पाहिजे ही नव्हे. २०१४ पासून अनेक वरच्या पायरीची प्रतिजैविके एच-१ या अनुसूचीत आली असून त्यांच्या विक्रीची नोंदवही ठेवणे दुकानदारास बंधनकारक आहे. ती नोंदवही खरोखर ठेवली जाते काय, हे प्रत्येक तालुक्यात विचारले गेले पाहिजे. वस्तीत शुद्ध पाणी, गटारे आणि लसीकरण यांसाठी जो लढा आपण देतो, तोही प्रतिजैविके वाचविण्याचाच लढा आहे. कारण जो आजार झालाच नाही त्यासाठी औषध झिजवावे लागत नाही. गोळ्यांची मागणी आणि गटारांची मागणी यांना वेगवेगळ्या मोर्चांत विभागण्याचे कारण नाही.

नवे प्रतिजैविक सापडेल की नाही, हे शेवटी प्रयोगशाळेत ठरेल. परंतु प्रयोगशाळा चालू राहील की बंद पडेल, तेथील ज्ञान कोणाचे असेल आणि तयार झालेले औषध कोणाच्या खाटेपर्यंत पोहोचेल, हे राजकारणात ठरते. शास्त्रज्ञांनी आपले काम करावे. त्यांचे काम समाजाच्या मालकीचे राहील अशी व्यवस्था करण्याचे काम आपले आहे, आणि येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी या मागण्यांचे निवेदन प्रत्येक आमदार-खासदाराच्या हाती ठेवून त्याची सुरुवात करता येईल.